शास्त्रात कुठे लिहिलंय?

पुण्यात एका जर्मन प्राध्यापकाने सोमरस चाखून बघितला होता. मार्टिन हॉग त्याचं नाव. १८५९ साली तो पूना कॉलेजात, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजात, संस्कृत शिकवायला आला. ऐतरेय ब्राह्मण या यज्ञविधी सांगणाऱ्या वैदिक ग्रंथाचं भाषांतर करायला बसला आणि अडला. यज्ञात कोण कुठे बसतो, आहुती नेमकी कधी पडते, मंत्र कुठे तोडायचा, हे नुसती पोथी वाचून कळेना. मग स्वतः सोमयाग केलेला एक श्रौती ब्राह्मण त्याने गाठला. आपल्या आवारातल्या एका आडबाजूच्या जागेत त्याच्याकडून सगळा विधी करून घेतला आणि शेजारी बसून टिपणं काढली. रस निघाला तेव्हा तोही चाखला. १८६३ साली छापलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने लिहून ठेवलंय की चव भयंकर होती, चमचा-दोन चमच्यांपलीकडे काही घशाखाली उतरलं नाही.

मला हा हॉग आवडतो, कारण पोथी आणि प्रत्यक्ष यांत अंतर असतं हे त्याला कळलं होतं. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या बऱ्याच साहेबांना ते कळलं नाही, किंवा कळूनही त्यांच्या कामाचं नव्हतं. एकोणिसाव्या शतकातल्या हिंदू सुधारणेची गोष्ट समजून घ्यायची तर हे अंतर आधी लक्षात घ्यावं लागतं.

आपल्या घरांत आजही दोन वाक्यं ऐकू येतात. लग्नघरात कुठल्याशा विधीवरून खटका उडतो. आत्या म्हणते, ‘आमच्यात असंच असतं.’ गुरुजी म्हणतात, ‘पण शास्त्रात असं आहे.’ आत्याचं वाक्य म्हणजे कुळाचार, जातीची रीत, गावची वहिवाट. गुरुजींचं वाक्य म्हणजे ग्रंथ. ही दोन्ही वाक्यं फार जुनी आहेत आणि शेकडो वर्षं ती शेजारीशेजारी नांदली. पेशवाईत शास्त्री ग्रंथ उघडत, पण देशाचार आणि कुलाचारही बघत. बहुतेक भांडणं तर शास्त्र्यापर्यंत जातच नसत, जातपंचायतीतच मिटत. कंपनी सरकार आल्यावर मात्र यातल्या एका वाक्यामागे कचेरी, कोर्ट आणि छापखाना उभा राहिला.

हे घडलं कसं? १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालसाठी न्यायाची योजना आखली. वारसा, लग्न, जात आणि धर्माच्या बाबतीत मुसलमानांना कुराणाचा कायदा लावायचा आणि हिंदूंना शास्त्राचा, असं तिच्यात ठरलं. वरवर पाहता हा शहाणपणाचा निर्णय होता. आपला कायदा लादायचा नाही, लोकांचाच त्यांना द्यायचा. पण ‘लोकांचा कायदा’ म्हणजे नेमकं काय? विलायतेतल्या सुशिक्षित माणसाच्या डोक्यात धर्म म्हटला की एक पवित्र ग्रंथ आणि कायदा म्हटला की एक संहिता, हे पक्कं बसलेलं होतं. तेव्हा हिंदूंचाही असा एक ग्रंथ असणार, तो शोधायचा, एवढंच काम उरलं.

अकरा पंडित बसवले. त्यांनी संस्कृतात ‘विवादार्णवसेतु’ रचला, त्याचं फारसी झालं, फारसीवरून नॅथॅनिएल हॅलहेडने इंग्रजी केलं. १७७६ साली ते पुस्तक छापून निघालं. दोन भाषांतून गाळून आलेलं ते पाणी किती शुद्ध असणार! न्यायाधीश विल्यम जोन्सला ते पटलं नाही. पंडित सांगतील त्यावर विसंबायची त्याची तयारी नव्हती, म्हणून तो स्वतः संस्कृत शिकला. त्याला शिकवणारे रामलोचन जातीने वैद्य होते, ब्राह्मण नव्हते. १७९४ साली जोन्सचं मनुस्मृतीचं इंग्रजी भाषांतर आलं आणि पंडितांच्या अनेक ग्रंथांपैकी एक असलेला मनू साहेबांच्या टेबलावर ‘हिंदूंचा कायदेकर्ता’ होऊन बसला.

याच जोन्सने २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत केलेलं भाषण जगभर गाजलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांत इतकं साम्य आहे की त्या एकाच मूळ भाषेतून फुटल्या असल्या पाहिजेत, असं तो म्हणाला. आदल्या वर्षीच चार्ल्स विल्किन्सने केलेलं गीतेचं इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये छापलं गेलं होतं. त्यातून एक कथा आकाराला आली. हिंदू पूर्वी थोर होते, ग्रीकांच्या तोडीचे होते, मग पुरोहितांनी आणि अंधश्रद्धांनी त्यांचं वाटोळं केलं. राज्य करणाऱ्याला ही कथा सोयीची होती, कारण पडलेल्याला उचलायला कुणीतरी लागतंच. पण तीच कथा इथल्या शिकलेल्या तरुणांच्या हातातही हत्यार म्हणून आली. मूळ चांगलं होतं आणि नंतर बिघडलं असेल, तर बिघडलेलं काढून टाकायला हरकत काय?

सतीचा वाद आणि एक अवग्रह

सती बंद करावी का, हा प्रश्न कंपनीच्या अधिकाऱ्यांसमोर आला तेव्हा त्यांनी पंडितांना विचारलं: शास्त्राची परवानगी आहे का? उत्तर आलं की काही अटींवर आहे. बाई स्वखुशीने जात असावी, गरोदर नसावी, अगदी लहान नसावी. १८१३ पासून त्याप्रमाणे हुकूम निघाले आणि ‘कायदेशीर’ सती व ‘बेकायदा’ सती असे दोन प्रकार झाले. पोलीस हजर राहून अटी तपासू लागले. १८१५ ते १८२८ या काळात बंगाल इलाख्यात सरकारी दप्तरी ८,१३४ सतींची नोंद झाली.

राममोहन रॉय यांनी १८१८ पासून सतीविरुद्ध जी पुस्तिका-पत्रकं काढली, ती याच मैदानात उतरून. मनूने विधवेला संयमाने जगायला सांगितलंय, जळायला नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. ४ डिसेंबर १८२९ ला गव्हर्नर जनरल बेंटिंकने सती बंद केली. विरोधकांनी धर्मसभा काढली, सह्या गोळा केल्या आणि उलटी वचनं काढून प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे शेवटच्या दादेच्या जागेपर्यंत, नेलं. १८३२ साली तिथे त्यांचा अर्ज फेटाळला गेला. या सगळ्या कागदांत वचनं भरपूर सापडतात. चितेवर चढवलेल्या बाईचं म्हणणं मात्र जवळपास सापडत नाही. तिला विचारायची कुणाला गरजच वाटली नाही, कारण प्रश्न ग्रंथाला विचारलेला होता.

राममोहन यांना हे सगळं इंग्रजांनी शिकवलं, असं समजायचं कारण नाही. इंग्रजी विद्येशी त्यांचा नीट परिचय होण्याआधीच, १८०३-०४ च्या सुमारास, त्यांनी फारसीत एक पुस्तिका लिहून मूर्तिपूजेवर आणि चमत्कारांवर टीका केली होती. तर्क त्यांना अरबी-फारसी शिक्षणातूनही मिळाला होता. इंग्रजी राजवटीने दिली ती वादाची जागा आणि वादाचे नियम. तिथे जिंकायचं तर वचन दाखवावं लागे.

या नियमांनी खेळणं कुठवर जातं त्याचा नमुना विधवाविवाहाच्या वादात बघायला मिळतो. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ साली पराशरस्मृतीतला श्लोक पुढे केला:

नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ।
पञ्चस्वापत्सु नारीणां पतिरन्यो विधीयते॥

म्हणजे नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, तर या पाच आपत्तींत बाईला दुसरा पती सांगितला आहे. याहून स्पष्ट काय हवं? पण शास्त्रीमंडळी हार मानणारी नव्हती. ‘पति’ शब्दाची सप्तमी पाणिनीप्रमाणे ‘पत्यौ’ होते, ‘पतौ’ नाही. ‘पतौ’ हे रूप समासाच्या शेवटी चालतं, ‘भूपतौ’सारखं, एकटं चालत नाही. मग ऋषी व्याकरणात चुकेल का? छे! म्हणजे इथे मुळात ‘पतितेऽपतौ’ असं आहे, ‘अ’ संधीत लपलाय (ऽ ही अवग्रहाची खूण त्या लपलेल्या ‘अ’ची). आणि ‘अपति’ म्हणजे काय, तर अजून पती न झालेला, नुसता वाङ्‌निश्चय झालेला. तेव्हा हा श्लोक विधवेबद्दल नाहीच, साखरपुडा मोडलेल्या मुलीबद्दल आहे!

हजारो बालविधवांचं आयुष्य एका न दिसणाऱ्या ‘अ’वर लटकत होतं. वाद हास्यास्पद वाटतो खरा, पण दोन्हीकडची माणसं विद्वान होती आणि दोघांनाही हाच पुरावा मान्य होता.

१८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. त्यातलं एक कलम फारसं आठवलं जात नाही. पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा विधवेचा हक्क जाणार, असं त्यात लिहिलं होतं. ब्राह्मण विधवेच्या बाबतीत हा निदान एक सौदा होता, हक्क सोडायचा आणि लग्न मिळवायचं. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत विधवेचं दुसरं लग्न पूर्वापार चालत आलेलं होतं. पाट लावणं, मोहतूर लावणं, ही रोजच्या बोलण्यातली गोष्ट होती. त्यांना या कायद्याची गरजच नव्हती. तरी मुंबईच्या हायकोर्टाने ते कलम त्यांच्या बायकांनाही लावलं. अलाहाबादच्या हायकोर्टाने उलटं मत दिलं, की ज्यांच्यात रूढीनेच पुनर्विवाह होतो त्यांना हे कलम लागू नाही. म्हणजे गंगेकाठची विधवा पाट लावूनही जमीन राखू शके आणि आपल्याकडची गमावून बसे.

हे मुंबई इलाख्यात व्हावं याचं आश्चर्य वाटतं. कारण गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात इथे वेगळी वाट धरली होती. आर्थर स्टील नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातींच्या रीती विचारून विचारून नोंदवल्या, त्याचं पुस्तक १८२७ साली निघालं. त्याच साली मुंबई इलाख्याच्या नियमांत ‘देशाची वहिवाट आधी, ग्रंथ मागून’ असं घातलं गेलं. म्हणजे ‘आमच्यात असं असतं’ला कागदावर मान होता. पण कोर्टात बसलेल्या माणसाच्या हाताशी छापील मनू आणि मिताक्षरा हा धर्मशास्त्राचा टीकाग्रंथ होता. शंभर म्हाताऱ्यांना बोलावून रूढी शाबीत करण्यापेक्षा पान उलटणं सोपं.

‘असल धरम’ आणि मुंबईचं कोर्ट

आता मिशनरी. सुधारणेच्या गोष्टीत त्यांना वगळून चालत नाही, कारण धर्माकडे बघायची एक खास नजर त्यांनी आणली. इथे आलेले बहुतेक मिशनरी प्रॉटेस्टंट होते. त्यांच्या पंथाचा जन्मच कॅथलिक चर्चशी भांडून झालेला. मूळ बायबल शुद्ध, मधल्या पाद्र्यांनी मूर्ती, मेणबत्त्या आणि कर्मकांड घुसडलं, तेव्हा मधल्यांना हाकला आणि ग्रंथाकडे परत जा, हे त्यांचं बाळकडू. हिंदू देवळाकडे बघताना त्यांना तोच चष्मा लागलेला होता. पुराणं म्हणजे भटांच्या थापा, देवळं म्हणजे बुतपरस्ती. जॉन विल्सन मुंबईत मराठीतून हे बोलू लागला तेव्हा मोरभट दांडेकरांनी १८३१ साली ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहून उत्तर दिलं. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी गिरगावच्या समुद्रकाठी वाळूत उभे राहून मिशनऱ्यांशी उघड वाद घालत होते आणि ऐकायला गर्दी लोटत होती. दोन वर्षांनी बुवांचं पुस्तक आलं, त्याचं नाव ‘वेदोक्तधर्मप्रकाश’. नावातच बघा, धर्म कसला, तर वेदात सांगितलेला. पुराणांवर मार पडू लागल्यावर पाय रोवायला वेद हीच भक्कम जागा उरली होती.

ही नजर इथल्या माणसांनी किती आत घेतली होती, ते १८६२ च्या महाराज लायबल खटल्यात दिसतं. करसनदास मुळजी या गुजराती पत्रकाराने ‘सत्यप्रकाश’ पत्रात २१ ऑक्टोबर १८६० रोजी एक लेख लिहिला. मथळ्याचा अर्थ, हिंदूंचा असल धर्म आणि हल्लीची पाखंडी मतं. वल्लभ या कृष्णभक्त संप्रदायाचे महाराज, म्हणजे गुरू, भक्तांच्या बायका-मुलींशी अनाचार करतात, असा आरोप त्यात होता. जदुनाथजी महाराजांनी ५०,००० रुपयांची अब्रुनुकसानीची फिर्याद ठोकली.

कोर्टातलं दृश्य डोळ्यांसमोर आणा. न्यायाधीश इंग्रज, मोठे वकील इंग्रज. भाटिया आणि बनिया समाजाची मंडळी खच्चून भरलेली. संप्रदायाचे ग्रंथ ब्रज आणि संस्कृतात. आणि या संप्रदायाची शिकवण मूळ हिंदू धर्माला धरून आहे की नाही हे सांगायला साक्षीदार म्हणून उभा आहे स्कॉटलंडचा पाद्री जॉन विल्सन! डॉ. भाऊ दाजी लाड यांचीही साक्ष झाली. ते संस्कृतचे अभ्यासक होते आणि डॉक्टरही होते, म्हणून त्यांनी महाराजांच्या गुप्तरोगाबद्दल जे सांगितलं त्याने ग्रंथांच्या चर्चेपेक्षा जास्त खळबळ उडाली. मुख्य मुद्द्यावर निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी म्हटलं की जे नीतीने वाईट आहे ते धर्माने बरोबर असू शकत नाही.

त्या बायकांच्या दृष्टीने निकाल चांगलाच लागला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मुद्दा मांडताना करसनदासांना ‘हे वाईट आहे’ एवढं म्हणून पुरलं नाही. ‘हे असल हिंदू धर्मात नाही’ असं म्हणावं लागलं. असल म्हणजे जुनं, जुनं म्हणजे वेद, हे समीकरण तोवर इतकं मुरलेलं होतं की कोणी त्याचं स्पष्टीकरणही मागत नव्हतं.

पुणे

पुण्यात या गोष्टीला वेगळाच रंग चढला, कारण इथे ग्रंथही होते, शास्त्रीही होते आणि जर्मनही. माक्स म्युलर या जर्मन संस्कृत पंडिताने ऑक्सफर्डमध्ये बसून सायणभाष्यासह छापलेला ऋग्वेद (पहिला खंड १८४९, शेवटचा १८७४, पहिल्या आवृत्तीचा खर्च कंपनी सरकारचा) पुण्यात आला, तेव्हाची एक हकीकत हॉगने त्याला कळवली होती. ब्राह्मणांची सभा भरली. छापील पुस्तकाला हात लावायची कुणाची तयारी नव्हती. मग दुसऱ्या जातीच्या माणसाने ते वाचायचं आणि ब्राह्मणांनी ऐकून आपापल्या पोथ्या दुरुस्त करायच्या, असं झालं. ज्यांना वेद ऐकायचीही मनाई, त्यांच्यापैकी एकाच्या तोंडून वेद ऐकून वैदिकांच्या पोथ्या सुधारल्या जात होत्या! छापखान्याचा विटाळ ही तेव्हा खरी अडचण होती. मुंबईत गणपत कृष्णाजींनी तर सोवळ्या मंडळींसाठी चरबीऐवजी तुपाची शाई वापरल्याचं सांगतात.

सगळे सुधारक वेदाकडेच गेले असंही नाही. ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने बंगालच्या ब्राह्मो समाजाकडून प्रेरणा घेतली, पण आधार धरला तुकोबांचा. त्याला गाथेची विश्वासार्ह छापील प्रत हवी होती. ती विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी पोथ्या ताडून तयार केली, १८६९ मध्ये तिचा पहिला भाग निघाला, आणि सरकारने त्यासाठी २४,००० रुपये दिले. देहूच्या वाण्याच्या अभंगांना इंग्रज सरकारचं अनुदान! वारकऱ्यांच्या तोंडी असलेला तुकाराम आणि पाठभेदांसह छापलेला तुकाराम, यांतला कुठला ‘असल’ हा वाद त्या दिवसापासून सुरू आहे.

हेच विष्णुशास्त्री पंडित विधवाविवाहाच्या चळवळीचे पुढारी. विद्यासागरांचं पुस्तक त्यांनी मराठीत आणलं. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर या प्रश्नावर रीतसर शास्त्रार्थ झाला. सुधारकांच्या बाजूने वेदांतली वचनं जमवणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे होते. निकाल विरोधात गेला. आणि तीनच वर्षांनी रानड्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा एकतिसाव्या वर्षी, वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून, त्यांनी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केलं. वेदांतली वचनं सगळी पाठ होती. घरात मात्र ‘आमच्यात असं असतं’ने बाजी मारली. रानड्यांना यावरून आयुष्यभर टोमणे खावे लागले. त्याच मुलीला त्यांनी शिकवलं, आणि रमाबाई रानडे पुढे सेवासदनाच्या आधारवड झाल्या, हेही तितकंच खरं.

१८७५ साली दयानंद सरस्वती पुण्यात आले. मुंबईत एप्रिलमध्ये त्यांनी आर्य समाज स्थापन केला होता. या माणसाला इंग्रजी येत नव्हतं. मथुरेच्या अंध विरजानंदांकडे त्यांनी व्याकरण शिकलं होतं. माक्स म्युलरबद्दल त्यांचं मत काय, तर जिथे झाडच नाही तिथे एरंडही वृक्ष ठरतो! तरीही त्यांचा कार्यक्रम बघा. ग्रंथ एकच, वेद. मूर्ती नको, पुराणं नकोत, मधला पुरोहित नको, ग्रंथ सगळ्यांना खुला. प्रॉटेस्टंट पाद्र्याला ओळखीचं वाटावं असं हे चित्र आहे. उसनवारी म्हणून मी हे सांगत नाही. दयानंदांचा राग अस्सल होता आणि वाट त्यांची त्यांनी काढली. पण मिशनऱ्याला तोंड देता येईल असा धर्म उभारायचा तर त्याचा आराखडा असाच निघे, एवढंच म्हणणं आहे.

पुण्यात रानड्यांनी त्यांची व्याख्यानं करवली, ती मराठीत टिपून घेतली गेली. सप्टेंबरमध्ये त्यांची मिरवणूक निघाली तेव्हा विरोधकांनी ‘गर्दभानंद’ म्हणून गाढवाची मिरवणूक काढली, चिखलफेक केली. दयानंदांच्या मिरवणुकीच्या पाठीशी आपली माणसं घेऊन उभे राहिले जोतीराव फुले.

फुल्यांना वेदांचं प्रेम होतं म्हणून ते आले असं मुळीच नाही. दोन वर्षांपूर्वी, १८७३ मध्ये, त्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं होतं. जोन्सपासून पुढे सरकत आलेला आर्यांचा सिद्धांत, म्हणजे संस्कृत बोलणारे आर्य बाहेरून आले आणि युरोपियनांचे ते नातलग हे मत, फुल्यांनी उचलला आणि सरळ उलटा धरला. आर्य बाहेरून आले म्हणता ना? ठीक. मग ते चोर आणि लुटारू म्हणून आले, इथल्या बळीराजाला त्यांनी कपटाने पाताळात घातलं, आणि दशावतार म्हणजे त्या एकेका स्वारीची हकीकत. केशवचंद्र सेनांसारखे बंगाली सुधारक याच सिद्धांतावरून इंग्रजांना ‘दुरावलेले चुलत भाऊ’ म्हणत होते. त्यांना त्यात गोऱ्यांशी नातं सापडलं, फुल्यांना शेतकऱ्याची गेलेली जमीन सापडली. आणि हा पुरावा ते ज्या ठिकाणी शोधत होते ते बघा: दिवाळीत बहिणीने ओवाळताना म्हटलेलं ‘इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो’, गावोगावचा खंडोबा, जोतिबा, म्हसोबा. सुधारकांनी ज्याला अडगळ म्हणून बाजूला सारलं, ते ‘आमच्यात असं असतं’ फुल्यांनी पुरावा म्हणून पुढे आणलं. पोथी खोटं बोलते, घरातली म्हातारी खरं सांगते, असा हा पवित्रा होता. त्यांच्या भाषाशास्त्रातल्या व्युत्पत्त्या आज टिकत नाहीत. प्रश्न कुठे विचारायचा ही त्यांची निवड मात्र त्या शतकात वेगळीच होती.

पंडिता रमाबाईंनी आणखी एक गोष्ट केली. ग्रंथ खरोखरच वाचले. १८७८ साली कलकत्त्यात त्यांच्या संस्कृतवर खूश होऊन पंडितांनी ‘सरस्वती’ पदवी दिली. केशवचंद्रांनी वेदाची प्रत हातात ठेवली आणि वाचा म्हणाले. बाईने वेद वाचायचे नसतात, असं रमाबाईंना लहानपणापासून शिकवलेलं. व्याख्यानांच्या तयारीसाठी त्यांनी धर्मशास्त्रं वाचून काढली आणि पुढे लिहिलं की या ग्रंथांचं कशावरही एकमत नाही, पण बाई वाईट आणि बायकांना व शूद्रांना पुरुषांसारखा मोक्ष नाही, यावर सगळे एकत्र येतात. ‘मूळ चांगलं होतं’ हे सूत्र तिने मुळापर्यंत जाऊन तपासलं होतं. १८८३ मध्ये इंग्लंडात तिने ख्रिस्ती धर्म घेतला. पुण्यातल्या सुधारकांना हा धक्का पचायला फार जड गेला.

मग १८९१ चा संमतिवयाचा कायदा. मुलीचं संमतिवय १० वरून १२ करायचं, एवढाच विषय. दोन वर्षांपूर्वी कलकत्त्यात फूलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती. पण वाद कशावर झाला? गर्भाधान संस्कार, म्हणजे नवरा-बायकोचा पहिला संबंध, मुलीच्या पहिल्या ऋतूलाच केला पाहिजे का, यावर. टिळक म्हणाले, शास्त्र तसं सांगतं आणि परक्या सरकारने त्यात पडू नये. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी वचनं लावून दाखवलं की उशीर झाला तर मोठं पाप नाही. भांडारकर हे त्या काळचे आपले सर्वांत मोठे संस्कृत पंडित, युरोपियन पद्धतीत तयार झालेले, आणि बोले तसा चाले या जातीचे. विधवा मुलीचा पुनर्विवाह त्यांनी स्वतः लावून दिला. कायदा मार्चमध्ये मंजूर झाला.

टिळक या वादात हरले खरे, पण त्यांच्या हातातली हत्यारंही तीच होती. १८९३ साली त्यांनी ‘ओरायन’मध्ये नक्षत्रांवरून वेदांचा काळ इसवी सनापूर्वी ४००० च्या आसपास मागे नेला. युरोपियन पंडितांना त्यांच्याच रीतीने दिलेलं ते उत्तर होतं. १८९७ मध्ये राजद्रोहाबद्दल त्यांना शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेच्या अर्जावर सही करणाऱ्यांत माक्स म्युलर होता. त्याने तुरुंगात टिळकांना ऋग्वेदाची दुसरी आवृत्तीही पाठवली. तिचा खर्च विजयनगरमच्या महाराजांनी उचलला होता. सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून भांडलेला माणूस सरकारच्या कोठडीत जर्मनाने संपादलेला, ऑक्सफर्डला छापलेला वेद वाचत बसला. उषेची सूक्तं पुन्हा पुन्हा वाचताना त्याला वाटलं की इतकी लांब पहाट भारतात होत नाही, ती उत्तर ध्रुवाकडेच होत असणार. १९०३ मध्ये त्याचं पुस्तक झालं.